डेबियनवरील घरगुती सर्व्हर: गुरुवारनंतर फोटोंचे फोल्डर रिकामे दिसते आणि आतली एसएसडी भरून जाते

नवखा_घरसर्व्हर (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी व्यवसायाने लेखापाल असून लिनक्सशी माझा परिचय जेमतेम आठ महिन्यांचा आहे, त्यामुळे प्रश्नात काही प्राथमिक चूक असल्यास आधीच क्षमा मागतो. घरातील एका जुन्या लॅपटॉपवर (8 जीबी रॅम, आत 120 जीबीची एसएसडी) मी डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली बसवली आहे. त्याला 4 टीबीची मोठ्या आकाराची बाहेरची हार्ड डिस्क यूएसबीने जोडली आहे. या डिस्कवर माझे व पत्नीचे 2011 पासूनचे सर्व फोटो आहेत. डिस्क ईएक्सटी4 पद्धतीने फॉरमॅट केलेली असून ती एसआरव्हीमधील ‘फोटो’ या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे तिच्यातील सर्व काही त्या फोल्डरमध्ये दिसते. सांबा या फाइली वाटून देणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने ते फोल्डर घरातील नेटवर्कवर दिले आहे आणि दोघांच्या फोनवरील ॲप रोज रात्री नवे फोटो तेथे पाठवते. लॅपटॉप राउटरला केबलने जोडलेला आहे, वायफायवर नाही.

पाच महिने सर्व सुरळीत चालले. गेल्या दीड महिन्यात मात्र तीन वेगवेगळे बिघाड सुरू झाले आहेत. पहिला असा, की एखाद्या दिवशी अचानक ‘फोटो’ फोल्डर जवळजवळ रिकामे दिसते. चौदा वर्षांचे फोटो गायब आणि केवळ अलीकडे पाठवलेले थोडे फोटो तेथे असतात. दुसरा असा, की त्यानंतर एक-दोन दिवसांत आतली एसएसडी शंभर टक्के भरल्याचे दिसते, जरी मी तिच्यावर काहीही साठवत नाही. तिसरा असा, की सर्व्हरचा आयपी पत्ता बदलतो आणि फोनला सर्व्हर सापडत नाही.

यावर उपाय म्हणून मी लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तेव्हा एकदा पडद्यावर दीड मिनिट काहीतरी वाट पाहत असल्याचा संदेश आला आणि नंतर ‘इमर्जन्सी मोड’ असे लिहून, रूट (मुख्य प्रशासकाचे) खाते लॉक असल्यामुळे कन्सोल उघडता येत नाही, अशा अर्थाची ओळ येऊन सर्व काही तेथेच थांबले. घाबरून मी डिस्कची वायर काढून पुन्हा लावली, लॅपटॉप बंद करून सुरू केला, आणि सर्व फोटो जसेच्या तसे परत आले! एसएसडी मात्र भरलेलीच राहिली. मी काही लॉग पुसून थोडी जागा मोकळी केली.

हे बहुतेक वेळा गुरुवारी किंवा शुक्रवारी लक्षात येते, म्हणून मी आठवड्यातून एकदा चालणारे क्रॉनमधील (ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सेवेतील) काम शोधून पाहिले, पण तसे काहीही सापडले नाही. आज पुन्हा फोल्डर रिकामे आहे आणि या वेळी मी कशालाही हात लावलेला नाही. हे तीन बिघाड वेगवेगळे समजून एकेक सोडवावेत, की डिस्कच मरणपंथाला लागली आहे?

सोपा_मार्ग

मलाही इमर्जन्सी मोडचा असाच अनुभव आला होता. मी सरळ सर्व पुसून डेबियन नव्याने बसवले. दोन तासांत काम झाले आणि नंतर त्रास झाला नाही. आपणही तेच करावे असे सुचवतो.

जुनी_तार

नव्याने बसवण्याचा सल्ला कृपया आत्ता मानू नका. आपल्या वर्णनावरून असे दिसते की, काही खरे फोटो या क्षणी आतल्या एसएसडीवर पडलेले आहेत, आणि एसएसडी पुसली तर त्यांपैकी जे फोनवरूनही काढून टाकलेले असतील ते कायमचे जातील. काहीही पुसू नका, लॅपटॉप पुन्हा सुरू करू नका, आणि आज रात्री फोनवरील ॲप चालू होण्यापूर्वी सांबाची सेवा, म्हणजे एसएमबीडी, सिस्टमसीटीएल या आज्ञेने थांबवा.

त्यानंतर चार गोष्टी येथे कळवाव्यात. ‘एलएसबीएलके’ ही डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा एफ या पर्यायासह दिल्यावर काय दिसते. ‘फाइंडमाउंट’ला, म्हणजे कोठे काय माउंट आहे ते सांगणाऱ्या आज्ञेला, ‘फोटो’ फोल्डरचा पत्ता दिल्यावर काही उत्तर येते का. ईटीसीमधील एफएसटॅब या, कोणती डिस्क कोठे माउंट करायची ते सांगणाऱ्या, फाइलमध्ये या डिस्कची ओळ कशी लिहिली आहे. आणि गेल्या गुरुवारच्या कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदींमध्ये (जर्नलसीटीएल, के पर्यायासह) यूएसबी असा शब्द असलेल्या ओळी, त्यांच्या मागच्यापुढच्या दोन-चार ओळींसह. बाकी गोष्टींपेक्षा ही चौथी अधिक महत्त्वाची आहे.

नवखा_घरसर्व्हर

त्वरित उत्तराबद्दल आभार. एसएमबीडी थांबवली आहे.

एलएसबीएलकेमध्ये आतली एसएसडी ‘एसडीए’ नावाने दिसते. बाहेरची डिस्क मात्र ‘एसडीसी’ म्हणून दिसते आणि तिच्या विभाजनापुढे माउंटची जागा रिकामी आहे. ‘एसडीबी’ नावाचे काहीच दिसत नाही. फाइंडमाउंटने काहीही उत्तर दिले नाही. एफएसटॅबमधील ओळ ‘डेव्ह’खालील ‘एसडीबी1’ अशी सुरू होते, पुढे फोल्डर, मग ईएक्सटी4, मग ‘डिफॉल्ट्स’ आणि शेवटी शून्य व दोन हे आकडे.

गुरुवारच्या नोंदींमध्ये सकाळी 10 वाजून 7 मिनिटांनी ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ अशी ओळ आहे. त्याच्या लगेच पुढे, त्याच सेकंदाला, नेटवर्क कार्डाची ‘लिंक इज डाउन’ अशी ओळ आहे. मग दुपारी 1 वाजून 41 मिनिटांनी ‘लिंक इज अप’ आणि त्याच मिनिटात ‘न्यू सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस’. मधल्या साडेतीन तासांत लॅपटॉप चालूच होता, कारण इतर नोंदी अखंड आहेत. नेटवर्क कार्ड आणि यूएसबी दोन्ही एकाच वेळी बंद पडतात, म्हणजे मदरबोर्ड खराब झाला आहे का?

जुनी_तार

मदरबोर्ड ठणठणीत आहे. आपण पिंपरी-चिंचवड किंवा पुण्याच्या परिसरात राहता का? तसे असेल तर क्रॉनमध्ये शोधण्याची गरज नव्हती. गुरुवार हा आपल्याकडे वीजवाहिन्यांच्या देखभालीचा वार आहे.

नेमके काय घडते ते क्रमाने सांगतो. सकाळी वीज जाते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्यामुळे तो चालूच राहतो आणि आपल्याला वाटते की सर्व्हर चालू आहे. पण साडेतीन इंची बाहेरच्या डिस्कला भिंतीवरच्या प्लगमधून वेगळा 12 व्होल्टचा अडॅप्टर लागतो, तो त्याच क्षणी बंद होतो; आणि राउटरही बंद होतो. म्हणूनच आपल्या नोंदींमध्ये यूएसबी तुटणे आणि नेटवर्कची लिंक जाणे एकाच सेकंदाला आहे. या दोन उपकरणांमध्ये समान असे काही असेल तर तो विजेचा बोर्ड आहे, मदरबोर्ड नाही. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस असे आपण सर्वच जण समजतो, मीही समजत होतो. प्रत्यक्षात ती फक्त मेंदूला जागे ठेवते, हातपाय तोडून.

डिस्क नाहीशी झाली की सिस्टमडी, म्हणजे सर्व सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम, तिचे माउंट काढून टाकते. माउंट निघाले की ‘फोटो’ हे एसएसडीवरचे मूळ साधे फोल्डर उघडे पडते, आणि ते रिकामे असते. सांबाला यात काही वावगे दिसत नाही, त्याला फोल्डर हवे होते आणि फोल्डर आहे. रात्री फोनवरील ॲप येऊन पाहते, पलीकडे एकही जुना फोटो नाही असे त्याला दिसते, आणि ते फोनमधील सर्वच्या सर्व फोटो व व्हिडिओ पुन्हा पाठवायला घेते. दोन फोन मिळून 120 जीबीची एसएसडी भरणे यात आश्चर्य नाही. ती शंभर टक्के भरूनही लॅपटॉप कसाबसा चालत राहिला, कारण ईएक्सटी4 पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते आणि सांबा आपल्या साध्या वापरकर्त्याच्या नावाने लिहीत असल्यामुळे त्याला ती मिळत नाही.

दुपारी वीज येते, डिस्क पुन्हा हजर होते, पण जुने ‘एसडीबी’ हे नाव एखाद्या प्रक्रियेने अजून धरून ठेवलेले असेल तर तिला पुढचे ‘एसडीसी’ हे नाव मिळते. ही नावे ज्या क्रमाने उपकरणे दिसतील त्या क्रमाने वाटली जातात, ती कायमची नसतात. एफएसटॅब मात्र ‘एसडीबी1’ शोधत बसते. लॅपटॉप पुन्हा सुरू करतेवेळी डिस्क बंद किंवा उशिरा सुरू होणारी असेल तर सिस्टमडी ठरलेली 90 सेकंद वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाते, कारण ‘डिफॉल्ट्स’ लिहिल्यामुळे ही डिस्क सर्व्हर सुरू होण्यासाठी अत्यावश्यक आहे असा त्याचा समज आहे. रूट खाते लॉक असण्याचे कारण निराळे: बसवताना आपण रूटचा पासवर्ड कोरा सोडला असणार. त्यात चूक काही नाही, सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा देण्याची सोय, त्यामुळेच आपोआप मिळाले; फक्त अशा प्रसंगी कन्सोल मिळत नाही.

आता दुरुस्ती. ‘फोटो’ फोल्डरवर या क्षणी काहीही माउंट नाही, हे फाइंडमाउंटच्या मौनावरून सिद्ध झाले आहे. म्हणून त्या फोल्डरचे नाव बदलून ‘फोटो-जुने’ करा. एकाच विभाजनावर नाव बदलण्याला मोकळी जागा लागत नाही, तेव्हा एसएसडी भरलेली असली तरी अडचण येणार नाही. मग ‘फोटो’ नावाचे नवे रिकामे फोल्डर तयार करा. डिस्क माउंट करण्यापूर्वी ‘एसडीसी1’वर ई2एफएससीके ही डिस्क तपासणारी आज्ञा आधी एन पर्यायाने, म्हणजे काहीही न बदलता, चालवून पाहा, किरकोळ त्रुटी दिसल्या तर एफ पर्यायाने खरी तपासणी करा. डिस्क माउंट असताना ही आज्ञा कधीही चालवू नये. त्यानंतर डिस्क हाताने माउंट करा, आणि जुने फोटो दिसले की ‘फोटो-जुने’मधील फोटो आरसिंक या नक्कल करणाऱ्या आज्ञेने डिस्कवर आणा, पण पहिली फेरी एन पर्यायाने केवळ चाचणी म्हणून.

येथे एक खाचखळगा आहे. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंच्या नावात बहुधा सेकंदापर्यंतची वेळ असते, पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंच्या नावात तारीख आणि ‘डब्ल्यूए0001’ असा त्या फोनपुरता क्रमांक असतो. दोन्ही फोन एकाच फोल्डरमध्ये पाठवत असतील तर एकाच नावाचे दोन निराळे फोटो असू शकतात. म्हणून आरसिंकला चेकसमचा, म्हणजे फाइलींचा आशय ताडून पाहण्याचा, पर्याय द्या, नाव तेच पण आशय वेगळा अशा फाइली यादीत पाहून बाजूला ठेवा, आणि पुढे प्रत्येक फोनसाठी स्वतंत्र उपफोल्डर करा.

वाडा_नेटवर्क

जुनी_तार यांच्या निदानाशी पूर्ण सहमत आहे. हे पुन्हा घडू नये यासाठी तीन ठिकाणी अडसर घालावा लागेल, कारण वीज पुढच्या गुरुवारीही जाणारच.

एफएसटॅबमध्ये ‘एसडीबी1’ऐवजी विभाजनाचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक, लिहावा, तो एलएसबीएलकेच्या त्याच उत्तरात दिसतो आणि उपकरण कोणत्याही क्रमाने जोडले तरी बदलत नाही. ‘डिफॉल्ट्स’च्या पुढे स्वल्पविराम देऊन ‘नोफेल’ लिहावे आणि सिस्टमडीचा उपकरणाची वाट पाहण्याचा कालावधी दहा सेकंद करावा. मग डिस्क नसली तरी सर्व्हर सुरू होईल, दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (नेटवर्कवरून आज्ञा देण्याच्या सोयीने) आत जाता येईल. फाइल जतन केल्यावर लॅपटॉप पुन्हा सुरू करून नशीब अजमावण्याऐवजी फाइंडमाउंटला ‘व्हेरिफाय’ हा पर्याय देऊन एफएसटॅब तपासून घ्यावी. एका चुकीच्या अक्षरासाठी रात्री अकरा वाजता पेनड्राइव्हवरून लॅपटॉप उघडत बसण्याची वेळ माझ्यावर आलेली आहे.

नुसत्या ‘नोफेल’ने मात्र आपला मूळ आजार बळावतो, हे बहुतेक मार्गदर्शक सांगत नाहीत. पूर्वी डिस्क नसेल तर सर्व्हर अडून बसत होता, आता तो डिस्कशिवाय निमूटपणे सुरू होईल आणि फोन पुन्हा एसएसडीवर फोटो ओततील. म्हणून दुसरा अडसर: डिस्क माउंट नसताना, म्हणजे ‘फोटो’ हे फोल्डर रिकामे व उघडे असताना, त्याची मालकी रूटकडे ठेवावी आणि त्याला सीएचएटीटीआर या आज्ञेने ‘आय’ (बदलता न येणारे) हा गुणधर्म द्यावा. त्यानंतर त्या फोल्डरमध्ये रूटलाही फाइल तयार करता येत नाही, पण त्यावर डिस्क माउंट करण्यास कोणतीही आडकाठी येत नाही. आपण बहुधा पहिल्याच दिवशी, डिस्क माउंट करण्यापूर्वी, त्या फोल्डरला सर्वांना लिहिण्याची परवानगी दिली असावी. तेथेच पुढच्या सगळ्याचे बीज होते. परवानगी द्यायची ती डिस्क माउंट झाल्यानंतर, डिस्कवरील फोल्डरला.

तिसरा अडसर सांबामध्ये. डिस्कवर मुळाशी एक रिकामी खूणफाइल तयार करावी, आणि सांबाच्या मांडणीत या फोल्डरच्या विभागात ‘रूट प्रीएक्झेक’ म्हणून ती फाइल अस्तित्वात आहे का हे तपासणारी ‘टेस्ट’ची आज्ञा द्यावी; सोबत ‘रूट प्रीएक्झेक क्लोज’ला ‘यस’ लिहावे. खूणफाइल नसेल तर सांबा जोडणीच नाकारतो. अनेक जण येथे ‘माउंटपॉइंट’ ही आज्ञा सुचवतात, पण उद्या आपण सिस्टमडीचे ऑटोमाउंट (फोल्डर उघडताच डिस्क आपोआप माउंट करण्याची सोय) वापरायला लागलात तर डिस्क नसतानाही ती आज्ञा ‘होय’ असे उत्तर देते, कारण ऑटोमाउंट स्वतःच एक माउंट असते. खूणफाइल फसत नाही. ही तपासणी फक्त जोडणीच्या क्षणी होते, आधीच जोडलेला फोन ती तोडत नाही, म्हणून दुसरा अडसर वगळू नये.

आयपी पत्त्याबद्दल फारसे काही नाही: वीज गेल्यावर राउटर आपली वाटपाची यादी विसरतो. राउटरच्या डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणाऱ्या) विभागात लॅपटॉपच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकासाठी, एक आयपी राखून ठेवावा.

इन्व्हर्टरवाला

वरील दोघांनी सॉफ्टवेअरचे सर्व सांगितले आहे, परंतु माझ्या मते आधी वीज दुरुस्त करावी आणि मग एफएसटॅब. चालू डिस्कची वीज अशी अचानक जाणे तिच्यासाठी चांगले नसते. स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कच्या प्रकृतीच्या नोंदी पाहाव्यात. यूएसबीच्या खोक्यात असल्यामुळे ‘डी सॅट’ असा पर्याय द्यावा लागू शकतो. त्यात 192 क्रमांकाची ‘पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट’ ही नोंद असेल तर वीज अचानक जाऊन हेड किती वेळा घाईने मागे घ्यावे लागले ते कळेल. खरी काळजी 5 आणि 197 या, खराब झालेल्या व संशयित जागा मोजणाऱ्या, क्रमांकांची करावी. त्यांच्या मूळ मोजणीचा आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल, तर डिस्क बदलण्याची तयारी ठेवावी.

घरात इन्व्हर्टर असेल तर डिस्कचा अडॅप्टर आणि राउटर या दोन्हींचा प्लग इन्व्हर्टरच्या वायरिंगवर घ्यावा. हा भार अगदी किरकोळ आहे, एखाद्या पंख्यापेक्षा कमी. मात्र इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक छोटी कळ असते, तिच्यावर यूपीएस आणि दुसरा साधा किंवा इको असे दोन पर्याय असतात. साध्या पर्यायात विजेची अदलाबदल सावकाश होते; पंख्याला ते जाणवत नाही, डिस्कला जाणवू शकते. कळ यूपीएसवर ठेवावी. इन्व्हर्टर नसेल तर संगणकासाठीचा लहान यूपीएसही पुरेल, पण तो साडेतीन तास चालणार नाही. वीज गेल्यावर डिस्क व्यवस्थित अनमाउंट करण्याइतका वेळ तो देईल.

आणखी एक, जे कोणी विचारले नाही. चौदा वर्षांचे फोटो एकाच डिस्कवर आहेत असे आपण लिहिले आहे. यूयूआयडी लिहून ती डिस्क दोन होत नाही. दुसरी डिस्क घ्या, महिन्यातून एकदा आरसिंक करा आणि ती दुसऱ्या घरी, नातेवाइकांकडे ठेवा.

नवखा_घरसर्व्हर

सर्वांचे मनापासून आभार. होय, मी चिंचवडला राहतो, आणि गुरुवारचे कारण वाचून पत्नीने जे म्हटले ते येथे लिहीत नाही.

सांगितल्याप्रमाणे नाव बदलून नवे फोल्डर केले. ई2एफएससीकेने पाच-सहा किरकोळ त्रुटी दाखवल्या व दुरुस्त केल्या. डिस्क माउंट होताच सर्व जुने फोटो दिसले. ‘फोटो-जुने’मध्ये 83 जीबी निघाले, त्यांपैकी बहुतांश पुन्हा पाठवलेल्या प्रतीच होत्या; खरोखर नवे फोटो चारशेच्या आत होते. व्हॉट्सॲपच्या नावांबद्दलचा इशारा अचूक ठरला, एकाच नावाच्या 19 जोड्या सापडल्या आणि त्यांतील एकाही जोडीत दोन्ही फोटो सारखे नव्हते. आता दोन फोनसाठी दोन उपफोल्डर आहेत. 192 क्रमांकाच्या नोंदीत 31 हा आकडा आहे. 5 आणि 197 दोन्ही शून्य आहेत.

तिन्ही अडसर घातल्यानंतर शनिवारी मी मुद्दाम डिस्कचा प्लग काढून पाहिला, अर्थात आधी अनमाउंट करून. फोनने फोटो न पाठवता जोडणी झाली नाही असा संदेश दाखवला आणि एसएसडीवर एक बाइटही वाढला नाही. त्यानंतर डिस्कशिवाय लॅपटॉप सुरू केला, तोही सरळ चालू झाला. इन्व्हर्टरच्या मागची कळ इको पर्यायावर होती, ती बदलली आहे. हॉलमधून वायर ओढण्यासाठी मात्र वायरमनची वाट पाहत आहे.

एक शंका उरली आहे. डिस्क माउंट असताना ‘फोटो’ फोल्डरचे गुणधर्म पाहिले तर ‘आय’ दिसत नाही. तो निघून गेला का?

वाडा_नेटवर्क

निघून गेलेला नाही. डिस्क माउंट असताना आपल्याला डिस्कवरचे मूळ फोल्डर दिसते, एसएसडीवरचे फोल्डर त्याखाली झाकलेले असते, आणि ‘आय’ त्या झाकलेल्या फोल्डरवर आहे. खात्री करायची असल्यास रूट विभाजन (एसएसडीवरील मुख्य विभाजन) ‘बाइंड’ पर्यायाने दुसऱ्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर माउंट करा आणि तेथून एसआरव्हीमध्ये जाऊन एलएसएटीटीआर ही गुणधर्म दाखवणारी आज्ञा डी पर्यायासह चालवा. तेथे ते फोल्डर उघडे दिसेल. त्याच ठिकाणाहून ‘फोटो-जुने’ही दिसेल. 19 जोड्यांचा निकाल लावून झाल्यावरच ते पुसावे.